घाटमाथ्यापासून समुद्रतळापर्यंत: सागरी भूविज्ञानात जाऊ पाहणाऱ्या सीमाभागातील मुलामुलींसाठी

खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या आसपास पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. माऊलीच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच तालुक्याच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पाण्याबरोबर घाटाची झीजही वाहत जाते: खडे, वाळू, चिखल. त्या कणांचे पुढे काय होते, ते कुठे थांबतात, किनारा कुठे वाढतो, कुठे खचतो आणि समुद्रतळावर थर कसे साचतात, हे शोधून काढणे हेच सागरी भूवैज्ञानिकाचे काम. म्हणून समुद्र दिसत नाही अशा गावात वाढलेल्यांनी या विषयात मागे राहण्याचे काही कारण नाही. वाळूचा कण समुद्रात पोचण्याआधी कुठे होता, ते तुम्ही घराजवळच पाहू शकता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार या पट्ट्यातून इकडे येताना मुले कुठे अडखळतात, ते लक्षात घेऊन पुढचे टप्पे लिहिले आहेत.

१. आधी विषय नीट ओळखा

‘सागरी’ हा शब्द दिसला की सगळे अभ्यासक्रम सारखेच वाटतात. सागरी जीवशास्त्र म्हणजे मासे, प्रवाळ, प्लवक. भौतिक समुद्रविज्ञान म्हणजे प्रवाह, लाटा, तापमान. सागरी भूविज्ञान म्हणजे गाळ, खडक, समुद्रतळाची रचना, किनाऱ्याची झीज-भर, तळाखालचे थर आणि खनिजे. कारवारला कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचे केंद्र आहे, ते सागरी जीवशास्त्राचे. घराजवळ आहे म्हणून तिथे प्रवेश घ्यायचा आणि दोन वर्षांनी भूवैज्ञानिकाच्या पदासाठी अर्ज करायला जायचे, तर तो अर्ज पात्रतेतच बाद होतो.

विषयाच्या आतही दोन दिशा आहेत. एक गाळ आणि खडकांची: नमुने, चाळण्या, सूक्ष्मदर्शक, रसायन. दुसरी भूभौतिकीची: ध्वनिलहरी, गुरुत्व, चुंबकत्व. दुसरीसाठी गणित आणि भौतिकशास्त्र पदवीपर्यंत असायलाच हवे. पहिलीसाठी रसायनशास्त्र फार उपयोगी पडते. बारावीला, म्हणजे आपल्याकडच्या दुसऱ्या पीयूसीला, गणित सोडून जीवशास्त्र घेतले तर पहिली वाट उघडी राहते, दुसरी जवळपास बंद होते.

२. पदवी कुठे घ्यायची

बी.एस्सी.ला भूविज्ञान हा विषय असलाच पाहिजे. तो प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात नसतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी कोणत्या विषयगटात तो मिळतो ते कार्यालयात लेखी विचारा. आपल्याला सोयीच्या दिशा तीन. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा भूविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे आणि तिथल्या महाविद्यालयीन शिक्षणाला जुनी परंपरा आहे. गोव्यात मडगावचे चौगुले महाविद्यालय आणि पणजीत मिरामारचे धेंपे महाविद्यालय भूविज्ञान शिकवतात. पुण्यात फर्ग्युसन आहे. गोव्याचा मोठा फायदा म्हणजे किनारा पायाखाली असतो. तोटा असा की बाहेरच्या राज्यातल्यांसाठी जागा मोजक्या असतात आणि राहण्याचा खर्च जास्त.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांना पहिले वर्ष संज्ञांमुळे जड जाते. एक वही करा. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे स्वतःच्या मराठीत अर्थ आणि छोटी आकृती. संज्ञा नुसती पाठ केली तर परीक्षेपुरती टिकते. ‘बर्म’ म्हणजे भरतीरेषेच्या वरची वाळूची सपाट पायरी, हे एकदा चित्रात आणि एकदा किनाऱ्यावर पाहिले की कायमचे राहते.

३. कागदपत्रे: इथे वर्ष वाया जाते

अभ्यासात मागे पडलेले पुढच्या वर्षी भरून काढता येते. कागदात चूक असेल तर हातातली जागा जाते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

जमवायची कागदपत्रे: दहावीची (एसएसएलसी) गुणपत्रिका, पीयूसीच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलताना लागणारे मायग्रेशन प्रमाणपत्र, जात आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, पासपोर्ट. पासपोर्ट आत्ताच काढा. परदेशी जहाजावरची मोहीम किंवा परदेशातली कार्यशाळा अचानक समोर येते, तेव्हा पडताळणीला वेळ उरत नाही.

आता सापळे.

*नावाचा क्रम.* दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरे, आधारवर नाव-वडिलांचे नाव-आडनाव, पदवीवर आडनाव आधी: आपल्याकडे हे सर्रास होते. केंद्रीय परीक्षा दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरतात. बाकी सगळे कागद तिच्याशी जुळवून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षातच करा.

*गावाचे नाव.* १ नोव्हेंबर २०१४ला शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्याआधीच्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग जुने असते, नंतरच्यांवर नवे. याने सहसा अर्ज बाद होत नाही. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्हा यादीतून निवडायचा असतो, तिथे सध्याचे नाव निवडा आणि जन्मस्थळ मात्र दाखल्यावर आहे तसेच लिहा.

*जातीचा दाखला.* नाडकचेरीतून मिळणारा दाखला राज्याच्या वर्गवारीनुसार असतो: २ए, ३बी वगैरे. केंद्रीय संस्थांना तो चालत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तो तहसीलदारांकडे वेगळा मागावा लागतो. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. आधी केंद्राच्या यादीत कर्नाटकाच्या रकान्यात आपली जात, पोटजात शब्दशः शोधा. क्रीमीलेअर नसल्याचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला ठरावीक आर्थिक वर्षाचा मागतात. गेल्या वर्षीचा जोडला की प्रवर्ग रद्द होतो.

*कन्नड दाखले.* गोव्यात किंवा महाराष्ट्रात कन्नड कागद वाचणारे कोणी नसते. शक्य तिथे इंग्रजी प्रत मागा, नाहीतर नोटरी केलेले भाषांतर जोडा. दाखल्यावरचा आरडी क्रमांक वेगळा लिहून ठेवा, पडताळणी त्यावरूनच होते.

*सीमाभागाची सवलत.* महाराष्ट्र शासनाने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या काही अभ्यासक्रमांत वेगळी पात्रता मिळते. ती प्रत्येक अभ्यासक्रमाला लागू नाही आणि तिचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो. ज्या विभागात जायचे त्याच्या माहितीपुस्तिकेत हा प्रकार आहे का ते पाहा, आणि आपले गाव यादीत नेमके कोणत्या नावाने नोंदले आहे तेही तपासा.

४. एम.एस्सी. आणि पदवीचे नाव

मंगळूर विद्यापीठात सागरी भूविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. कोचीच्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सागरी भूविज्ञान आणि सागरी भूभौतिकी शिकवतात. गोवा विद्यापीठात उपयोजित भूविज्ञान आहे. आयआयटी मुंबई, खरगपूर, रुरकी यांच्यासाठी जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतला भूविज्ञानाचा पेपर द्यावा लागतो: ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सुरू व्हायला हवी.

माझे मत विचाराल तर साध्या ‘भूविज्ञान’ नावाची एम.एस्सी. करून प्रबंध सागरी विषयावर करणे सगळ्यात सुरक्षित. सरकारी जाहिरातींत पात्र पदव्यांची नावे शब्दशः दिलेली असतात. भूविज्ञान, उपयोजित भूविज्ञान, सागरी भूविज्ञान ही नावे त्यांत असतात. आकर्षक पण वेगळ्या नावाची पदवी घेतली, तर समकक्षतेचे पत्र मिळवण्यात दमछाक होते.

५. घराजवळ काय शिकाल

गोकाकच्या धबधब्याला सगळे जातात. पाणी सुमारे ५२ मीटर खाली पडते, ते ज्या वाळूखडकावरून, तो कलादगी थरांतला. हे थर कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात साचलेली वाळू आहेत. सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला मलप्रभेने त्याच जातीच्या कठीण खडकातून खिंड कापली आहे. या खडकांत थरांच्या पृष्ठावर लाटांच्या वळ्या दिसतात. वळ्यांच्या दोन्ही उतारांची तुलना करा. सारखे असतील तर पाणी पुढे-मागे हलत होते, म्हणजे लाटा. एक उतार लांब आणि एक तोकडा असेल तर प्रवाह एकाच दिशेने होता. एका वळीच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर आणि वळीची उंची मोजून ठेवा. नंतर कारवारच्या किनाऱ्यावर ओहोटीत तीच मापे घ्या. एवढ्या एका सरावाने गाळाचे निम्मे पुस्तक उलगडते.

दुसरा सराव म्हादईचा. घाटावरची वाळू, गोव्यात मध्यावरची वाळू आणि मिरामारची वाळू अशा तीन पिशव्या घ्या. कोरड्या वाळूवर कागदात गुंडाळलेले साधे चुंबक फिरवा. कागद नसेल तर कण चुंबकाला चिकटून बसतात आणि निघत नाहीत. चिकटतील त्यांत बहुतेक मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या बेसाल्टाची देणगी. इल्मेनाइटही काळेच, पण साध्या चुंबकाला जेमतेम दाद देते. म्हणून ‘काळे म्हणजे मॅग्नेटाइट’ असे लिहू नका. हेच इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूच्या पट्ट्यांत साचले आहे.

परवानगीचे भान ठेवा. म्हादईचा वरचा भाग भीमगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथून खडाही उचलायचा नाही. कणकुंबीजवळच्या कालव्याच्या कामांभोवती नमुने घेत फिरू नका. म्हादईच्या पाणीवाटपाचा विषय कर्नाटक आणि गोवा दोन्ही राज्यांत तापलेला आहे आणि विद्यार्थ्याकडेही संशयाने पाहिले जाते. राज्याच्या सीमेवर तपासणी नाक्याला वाळूच्या पिशव्या दिसल्या तर प्रश्न विचारतात. विभागप्रमुखांचे पत्र आणि लेबल लावलेल्या छोट्या पिशव्या असतील तर अडचण येत नाही.

६. किनाऱ्याची आडवी मोजणी

खरी शिस्त इथे लागते. मोजणीला लागते ते साहित्य अगदी साधे: १.५ मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या, त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा, १.५ मीटर न ताणणारी दोरी, वही, पेन्सिल, जीपीएस असलेला मोबाइल. ही पद्धत के. ओ. एमरी यांनी १९६१मध्ये मांडली आणि अजूनही चालते.

एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, मध्ये दोरी ताणलेली आणि आडवी. किनारा समुद्राकडे उतरत असेल तर जमिनीकडच्या काठीमागे उभे राहा, समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा तुमच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका उतार. चढ असेल तर उलट: तुमच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहा आणि पुढच्या काठीवर वाचा. उतार उणे, चढ अधिक. मग मागची काठी पुढच्या काठीच्या खड्ड्यात ठेवून पुढे सरका.

कारवारच्या खाडीत एक अडचण येते. समोर बेटे आणि डोंगर असल्याने क्षितिज तुटलेले दिसते, धुरकट दिवशी दिसतच नाही. तिथे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत येते, काठ्यांवर ती पातळी वाचायची. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर वाचन काही सेंटिमीटरने चुकते आणि ही चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते.

वेळ ठरवताना कोकणी माणसाचे दोन शब्द कामाला येतात: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग. मोजणी उधाणाच्या ओहोटीत करायची, कारण तेव्हा किनारा सगळ्यात जास्त उघडा पडतो. ही ओहोटी आपल्या किनाऱ्यावर बहुधा पहाटे किंवा संध्याकाळच्या सुमारास येते. बेळगावहून सकाळच्या गाडीने निघून ती गाठता येत नाही, आदल्या दिवशी मुक्कामाला जा. भरती-ओहोटीचे तक्ते आधी पाहा. सगळ्यात खालच्या पाण्याच्या तासभर आधी काम सुरू करा आणि पाणी वळले की थांबा.

सुरुवातीचा बिंदू पक्का हवा: मोरीचा कट्टा, जुन्या देवळाची भिंत, सिमेंटचा चौथरा. माड चालत नाही, वाळूत रोवलेला खांबही नाही. रंगाची छोटी खूण करा, तीन बाजूंनी फोटो काढा आणि होकायंत्राने रेषेची दिशा लिहा. दिशा १० अंशांनी बदलली तर पुढच्या महिन्याची मोजणी वेगळ्याच रेषेवर होते आणि नसलेली धूप दिसू लागते.

सगळ्यात मोठी चूक घाईच्या निष्कर्षाची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून नेतात आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत येते. जूनमधला कडा दाखवून ‘किनारा खचला’ असे लिहिणारे अहवाल बरेच असतात. किमान एक पूर्ण वर्ष, दर महिन्याला, शक्य तर दोन-तीन वर्षे मोजल्याशिवाय धूप हा शब्द वापरू नका.

कारवारला आणखी एक गोष्ट: अरगा बाजूला नौदलाचा तळ आहे. तिथल्या मनाई असलेल्या भागात जाऊ नका, त्या दिशेने फोटो काढू नका. ड्रोन तर परवानगीशिवाय कुठेच नको.

७. नमुना आणि प्रयोगशाळा

प्रत्येक रेषेवर तीन नमुने: बर्मवरून, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातून, पाण्याच्या कडेवरून. वरचे २ ते ५ सेंटिमीटरच खरवडा, सुमारे ५०० ग्रॅम पुरे. खोल खणले तर मागच्या मोसमाची वाळू मिसळते. पिशवीवर मार्करने आणि आत प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या चिठ्ठीवर असे दोनदा लिहा: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, ओहोटीची अवस्था, बर्म की पाण्याची कड. बाहेरचे लिखाण खाऱ्या ओलीत पुसते. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसती वाळू.

प्रयोगशाळेत क्रम असा. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने मीठ धुवा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, पांढरे आले तर अजून मीठ आहे. मीठ राहिले तर कण एकमेकांना चिकटतात आणि वजनही वाढते. नंतर ६० अंश सेल्सिअसला वाळवा. नमुन्यात चिखल असेल तर ओव्हन १०५ अंशांवर नेऊ नका, चिखल भाजल्यासारखा घट्ट होतो. शिंपल्यांचा चुरा काढायचा असेल तर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा, पण त्याआधी एक भाग बाजूला काढून ठेवा. शिंपले आणि सूक्ष्मजीवांची कवचे ही माहितीच असते आणि आम्लात गेली की परत येत नाहीत.

वाळू थेट पिशवीतून मोजून घेऊ नका. पिशवी हलली की जड कण तळाला जातात. ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा ढीग करा, आणि असे १०० ग्रॅमवर या. चाळण्या अर्ध्या फायच्या (कणांच्या आकाराची मोजपट्टी, पुढे सांगितली आहे) अंतराने: २, १.४, १, ०.७१, ०.५, ०.३५५, ०.२५, ०.१८, ०.१२५, ०.०९ आणि ०.०६३ मिलिमीटर, खाली तबक. यंत्रावर १५ मिनिटे. बारीक चाळणीत अडकलेले कण बोटाने दाबून पाडू नका. जाळी रुंद होते आणि त्या चाळणीचे पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. मऊ ब्रशने खालच्या बाजूने झाडा. प्रत्येक चाळणीवरचे वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्या. बेरीज आणि सुरुवातीचे वजन यांत १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर पुन्हा चाळा.

फाय ही मोजपट्टी नवख्यांना उलटी वाटते आणि ती खरेच उलटी आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा २ या पायावरचा लॉगॅरिथम, चिन्ह बदलून. ०.२५ मिलिमीटर म्हणजे २ फाय, ०.१२५ म्हणजे ३ फाय. आकडा वाढला की कण बारीक. सरासरी आणि कणांची निवड (म्हणजे कण किती एकसारख्या आकाराचे आहेत) फोक आणि वॉर्ड यांच्या १९५७च्या सूत्रांनी काढतात. सरासरी म्हणजे १६, ५० आणि ८४ टक्क्यांवरच्या फाय किमतींची बेरीज भागिले ३. ग्रॅडिस्टॅट नावाची एक्सेल फाइल हे आपोआप करते. तरी पहिले पाच नमुने हाताने आलेख काढून सोडवा, म्हणजे संगणकाचे उत्तर चुकले तर ओळखता येईल.

जड खनिजे वेगळी करायला ब्रोमोफॉर्म वापरतात, घनता सुमारे २.८९. ते विषारी आहे. धूर ओढणाऱ्या कपाटाशिवाय बाटली उघडू नका. कपाट बंद पडले असेल आणि कोणी ‘खिडकी उघडी आहे ना’ म्हणाले तर नकार द्या. त्याच कामाचे सोडियम पॉलिटंग्स्टेट महाग आहे, पण बरेच सुरक्षित.

८. उपग्रहाची चित्रे

लॅण्डसॅटची चित्रे १९७२पासूनची, सेंटिनेल-२ची २०१५पासूनची, दोन्ही फुकट. नकाशांचे सॉफ्टवेअर क्यूजीआयएसही फुकट. कारवार-गोवा-सिंधुदुर्गासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग घ्या, सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. अंशांमध्ये अंतर मोजणे ही पहिल्या महिन्यातली ठरलेली चूक.

दुसरी चूक अधिक घातक. चित्रातली पाण्याची कड म्हणजे किनारारेषा नव्हे. किनाऱ्याचा उतार ४० मीटरला १ मीटर असेल आणि दोन चित्रांच्या वेळी भरतीच्या पातळीत १ मीटर फरक असेल, तर पाण्याची कड ४० मीटर सरकलेली दिसते. वाळूचा एक कणही हललेला नसतो. प्रत्येक चित्राची वेळ पाहून भरतीची पातळी लिहा. नाहीतर वनस्पतीची कड किंवा भरतीची ओली रेषा घ्या आणि सगळ्या वर्षांत तीच ठेवा. लॅण्डसॅटच्या ३० मीटरच्या चौकटीतून १० मीटरचा बदल सिद्ध करता येत नाही.

मोजमापाचे प्रमाण किती महत्त्वाचे, याचे देशाएवढे उदाहरण समोर आहे. भारताचा किनारा जुन्या मोजणीत ७,५१६.६ किलोमीटर होता, नव्या मोजणीत ११,०९८.८१ किलोमीटर झाला. जमीन वाढलेली नाही. जास्त बारकाईच्या नकाशावर खाड्या आणि वळणे मोजली गेली.

९. जहाजावर

जहाजे मोजकी आहेत: सागर कन्या, सागर निधी, सिंधू साधना, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे समुद्र रत्नाकर. जागा मार्गदर्शकामार्फत मिळते. लागते ते: वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, ओळखपत्र, पालकांना किंवा घरच्यांना दिलेली पूर्ण माहिती, पुढून कडक असलेले बूट, उन्हाचे आणि वाऱ्याचे कपडे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी प्रवास सुरू होण्याआधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

खोली ध्वनीने मोजतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जाऊन परत यायला २ सेकंद लागले तर खोली १,५०० मीटर, ३,००० नव्हे. पाण्याचे तापमान आणि खारटपणा बदलला की वेग बदलतो, म्हणून पृष्ठापासून तळापर्यंत वेगाची उभी नोंद घेतल्याशिवाय बहुझोती मोजणी (एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून तळाचा रुंद पट्टा मोजणे) सुरू करत नाहीत. ती जुनी राहिली तर सपाट तळही कडांना वाकलेला दिसतो.

तळाचा वरचा गाळ व्हॅन वीन ग्रॅबने (तळाला टेकून मिटणाऱ्या जबड्याने) आणतात, थर हवे असतील तर गाळाचा लांब गाभा काढतात. गाभ्याची नळी डेकवर आली की पहिले काम वरचे टोक कोणते ते बाणाने लिहिणे. आडवी करण्याआधी वरचे पाणी काढा, नाहीतर वरचा मऊ थर ढवळतो आणि अलीकडची शंभर-दोनशे वर्षे हरवतात. साठवण ४ अंश सेल्सिअसला. उभा चिरून एक अर्धा भाग कामाला, दुसरा न हात लावता जपायला.

वय ठरवताना गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१०, अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४, सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत. समुद्रातल्या कवचांचे कार्बन वय मुळातच सुमारे ४०० वर्षांनी जास्त निघते, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. ही दुरुस्ती विसरली तर संपूर्ण कालरेषा सरकते.

हा खटाटोप कशासाठी? सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आज आपल्या किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली असलेला मंच तेव्हा कोरडी जमीन होता. त्याच्या बाहेरच्या कडेवर उथळ पाण्यातल्या चुनखडी वाळूचे अवशेष अजून पडून आहेत. २०१५मध्ये समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या मोहीम ३५५ने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात छिद्रे घेतली. हिमालयाची झीज आणि मान्सूनचा इतिहास तिथल्या गाळात वाचता येतो.

१०. नोकरी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ची, तिच्या सागरी विभागाचे मुख्यालय मंगळुरूत आहे. तिथे जायला लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. वय २१ ते ३२, प्रवर्गानुसार सवलत. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६०० गुणांची लेखी, मुलाखत २००. मुख्य परीक्षेत ३ तासांचे तीन पेपर हाताने लिहायचे असतात. वस्तुनिष्ठ प्रश्नांवर वाढलेली मुले इथेच मागे पडतात. आठवड्याला एक पूर्ण उत्तरपत्रिका घड्याळ लावून, आकृत्यांसह लिहा. नेमणूक देशात कुठेही होते, सागरी विभागच मिळेल असे नाही.

गेट या राष्ट्रीय परीक्षेतला भूविज्ञान-भूभौतिकीचा पेपर सार्वजनिक कंपन्यांसाठी आणि पीएच.डी.साठी चालतो, गुण ३ वर्षे ग्राह्य. खासगीत बंदरे, गाळउपसा, समुद्राखालच्या तारांचे मार्ग, पर्यावरण अहवाल अशी कामे आहेत. त्यांना समुद्रातल्या सुरक्षेचे प्रशिक्षण आणि सर्वेक्षणाची सॉफ्टवेअर येणारी माणसे हवी असतात. ‘पैसे भरा, जहाजावर नोकरी पक्की’ म्हणणारा दलाल भेटला तर उठून या. सरकारी संस्था परीक्षा शुल्काशिवाय काही घेत नाहीत.

११. संशोधनाची वाट

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ला ती सुरू झाली. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. चोर्ला घाट उतरला की दोन्ही आपल्या दारात. २६ जानेवारी १९८१ला गवेषणी जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर आणले. पुढे भारताला मध्य हिंदी महासागरातले ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. त्या कामाचे केंद्र हीच गोव्याची संस्था होती.

पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेटचा पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञानाचा पेपर द्या. कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. नेट होण्याआधी एम.एस्सी.चा प्रबंध अशा संस्थेत करता आला तर पुढची दारे उघडतात. त्यासाठी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच शास्त्रज्ञांना लिहा.

ईमेल एका पानाहून मोठी नको. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातल्या कोणत्या मोजणीबद्दल प्रश्न पडला ते दोन ओळींत सांगा. ‘सागरी विषयाची आवड’ असे लिहून तीस जणांना एकच पत्र पाठवू नका, ते लगेच ओळखू येते. सोबत स्वतः केलेल्या मोजणीचा तक्ता जोडा: कारवारच्या एका रेषेचे बारा महिन्यांचे आलेख, प्रत्येकाखाली तारीख, ओहोटीची पातळी, सुरुवातीच्या खुणेचे अक्षांश-रेखांश, आणि चुकलेला महिना असेल तर तो रिकामा ठेवलेला. उत्तर आले नाही तर दोन आठवडे थांबून एकदा आठवण करा, मग दुसऱ्या शास्त्रज्ञांना लिहा. बोलावणे आले तर वाळूच्या लेबल लावलेल्या पिशव्या आणि मूळ फील्डवही सोबत न्या. पावसाळ्यात चोर्ल्याचा रस्ता कधी कधी बंद पडतो, म्हणून लोंढामार्गे वास्कोला जाणाऱ्या गाडीचे तिकीट आधी काढून ठेवा.